अंतर मैलांचे, हिशेब वेळेचा

भिवंडी तालुक्यात, उल्हास नदीच्या खाडीजवळ अंजूर हे गाव वसलेले आहे. नाईकांचा जुना वाडा व तेथील सिद्धिविनायक ही गावाची पूर्वापार ओळख. आसपासच्या गोदामांच्या रांगा ही नवी. आपल्या समाजातील अनेक पेढ्यांचा माल या परिसरातूनच पुढे जातो. येथे ‘मुंबई किती दूर?’ असे विचारल्यास कोणी किलोमीटर सांगत नाही. ‘पहाटे निघालात तर लवकर पोहोचाल, उशिरा निघालात तर अंजूर फाट्यालाच विचारा,’ असे उत्तर मिळते.

हा व्यवहार युरोपातही खरा ठरतो. लंडन आणि पॅरिस यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ३४५ किलोमीटर आणि विमानप्रवास सव्वा तासाचा. मात्र विमानतळ गाठणे, तपासणी, सामान आणि पुन्हा शहरात येणे धरले, तर चार-पाच तास सहज जातात. त्यात पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. याउलट १९९४ मध्ये सुरू झालेल्या समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी विमानापेक्षा अधिक अंतर कापूनही सुमारे सव्वादोन तासांत शहराच्या मध्यात आणून सोडते. नकाशावरचे अंतर आणि वाटेचा वेळ ही दोन वेगळी खाती आहेत.

अंजूरने हा धडा फार पूर्वी पाहिला. साष्टी व वसई पोर्तुगीजांकडे असताना येथील गंगाजी नाईक यांनी पेशव्यांकडे दाद मागितली. मार्च १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली व ठाणे लवकरच हाती आले. वसई मात्र चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये जिंकली. अंजूरपासून वसईचा किल्ला सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटर. त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

तथापि पोर्तुगीजांचा हिशेब याहून अवघड होता. लिस्बन ते गोवा हे हवाई अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर. पण आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजास सहा महिने किंवा अधिक लागत. वसईचे संकट लिस्बनला कळून तेथील मदत येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जाणार. मराठ्यांच्या शौर्याने वसई जिंकली हे खरेच. परंतु वेळेचे खातेही पोर्तुगीजांच्या विरुद्ध होते.

आज अंजूरजवळच माणकोली–मोठागाव पुलाने खाडीपलीकडची डोंबिवली जवळ आणली आहे. जमीन तसूभरही सरकली नाही. वळसा तेवढा वाचला. परदेशी निघालेल्या मुलाने एका दिवसात दोन शहरांतील दोन भेटी ठरवल्या, तर घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला तिकिटावरचे तास नव्हे, दारापासून दारापर्यंतचे तास मांडावयास सांगावे. व्यापारात दिलेली वेळ हीदेखील पतच असते.