पायाखालचा पाट

दुकानातल्या चौथ्या खुर्चीत बसले आणि चौथ्यांदा माझे पाय लोंबकळले. लग्नाच्या वेळीही माझी पाच फूट उंची कुणी एवढी काढली नव्हती.

ऑफिसातल्या एकाच खुर्चीत मी वीस वर्षं काढली. तिच्या फोमनं माझा आकार घेतला आणि माझ्या पाठीनं तिचा. कंबर धरू लागली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहिण्याआधी विचारलं, "दिवसभर बसता कशावर?" मला धड उत्तर देता आलं नाही.

"मॅडम, हिला कमरेला सपोर्ट आहे, मानेला आहे, हातसुद्धा वर-खाली होतात," दुकानातला मुलगा म्हणाला. त्यानं खालची दांडी ओढली, नळकांड्यातल्या वायूनं सुस्कारा टाकला आणि मी हलकेच खाली आले. पाय टेकले, पण समोरचं टेबल छातीशी आलं आणि कीबोर्डवर हात ठेवताना खांदे कानांकडे चढले. टेबलं बहुतेक 75 सेंटिमीटर उंच असतात, कुणा धिप्पाड बाप्याच्या कोपरांना बेतल्यासारखी. टेबलाचं ऐकावं तर पाय अधांतरी, पायांचं ऐकावं तर खांदे वर.

पाय लोंबले म्हणून पाठीचं काय बिघडतं? पायांना जमीन हवी असते, म्हणून आपण नकळत पुढे सरकतो. पाठीचं टेकण सुटतं. कटीचं हाड मागे कलतं, कमरेच्या पाच मणक्यांची आत वळलेली कमान सपाट होते आणि मधल्या चकत्या चेपू लागतात. मग मागची ती महागडी उशी हवेलाच आधार देत बसते.

आमच्या आजोबांची खुर्ची वेताची होती. बैठक सैल झाली की वीणकर घरी यायचा. त्याला दिसत नसे. हे काम तो अंधशाळेत शिकला होता. वेताच्या पट्ट्या तो आधी बादलीत भिजत घाली, कारण कोरडा वेत वाकवला की मोडतो. मग उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्या बोटांनी चाचपत ओवायचा आणि अष्टकोनी भोकांची जाळी उमटत जायची. ओला वेत वाळता वाळता आपोआप ताठ होई. जायच्या आधी मात्र तो आजोबांना खुर्चीत बसायला लावून त्यांच्या गुडघ्यामागे दोन बोटं घालून बघायचा. बोटं सहज फिरली, की काम झालं. बैठकीची कड पोटरीत रुतता कामा नये, हे कळायला त्याला मोजपट्टी लागली नाही.

पुढे 1994 साली अमेरिकेत बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी 'एरॉन' खुर्ची घडवली. तिला फोम नव्हताच, नुसती ताणलेली जाळी. आणि कपड्यांसारखी तीन मापं. दुकानात तशा धाटणीच्या जाळीवरून हात फिरवला, तेव्हा मला ती आजोबांच्या खुर्चीची नात वाटली. घाम धरत नाही, श्वास घेऊ देते.

शेवटी मी जाळीचीच एक साधी खुर्ची घेतली. मानेची उशी नको म्हटलं. गुडघ्यामागे दोन बोटं घातली, ती फिरली. कमरेचा आधार माझ्या खळगीशी आणला, हात कोपरांच्या उंचीला लावले. पाठ जराशी मागे रेलली तेव्हा कंबर कित्येक महिन्यांनी गप्प बसली. राहता राहिले पाय.

त्यांची सोय माळ्यावर निघाली. आजीचा सागवानी पाट, कोपऱ्यात पितळी फुली असलेला. एकट्यानं उंची पुरेना, म्हणून त्याच्याखाली दुसरा घातला. आता टेबलाखाली माझे दोन्ही तळवे त्या गार लाकडावर पसरून असतात. मात्र तासभरही सलग बसायचं नाही, असं ठरवलंय. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवलीय, म्हणजे भरायला उठावं लागतं. आणि संध्याकाळी निघताना, पंगत उठल्यावर आजी ठेवायची तसे दोन्ही पाट उभे करून भिंतीला लावते.

वीस वर्षांचा संसार मोडून दुसरीशी असा पाट लावला, तोही अगदी शब्दशः. पहिल्या दिवशी झाडायला आलेल्या मावशी टेबलाखाली वाकल्या आणि केरसुणी तशीच धरून म्हणाल्या, "ताई, केळवण कुणाचं आहे हो?"