मोरवडची आरती आणि शहाद्याची अभ्यासिका

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशाचे पंतप्रधान आले होते. देशातलं पहिलं आधार त्या दिवशी तिथल्याच एका बाईच्या हाती पडलं. बारा आकडे, बोटांचे ठसे, डोळ्यांची छबी. आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव देशभर झालं, त्याचा आनंद मलाही झाला. पण तेव्हापासून मनात एक विचार घर करून राहिला. हे बारा आकडे नव्हते तेव्हा इथली माणसं स्वतःला कोण समजत होती, आणि जगत होती ती कशासाठी?

मी सातपुड्यातल्या आश्रमशाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा धडगावच्या वरच्या पाड्यांवर पायीच जावं लागे. जूनमध्ये बाप पोराचा हात धरून शाळेत यायचा. नाव काय? बुध्या. बुधवारी जन्मला म्हणून बुध्या. सोमवारचा सोम्या, शुक्रवारचा शुक्र्या. जन्मतारीख? बाप आठवून सांगायचा की तेव्हा मोहाची फुलं पडत होती, होळी नुकतीच झाली होती. रजिस्टरात मोहाच्या फुलांसाठी रकाना नव्हता, म्हणून सगळ्यांची तारीख १ जून पडायची. एका वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मलेली! पण त्याच बापाला कूळ विचारा, देव विचारा, कुठल्या नाल्याकाठचा पाडा आणि त्याआधी आजा कुठल्या डोंगरावर राहत होता ते विचारा. मग तो बसून बोलायचा आणि ऊन उतरलं तरी उठायचा नाही.

आता वर्गात आर्यन आहे, प्रांजल आहे. जन्माची वेळ दवाखान्याच्या कागदावर मिनिटासकट आहे. आई दवाखान्यापर्यंत पोचली आणि सुखरूप घरी आली, याहून मोठी गोष्ट नाही, म्हणून या बदलाबद्दल मी हळहळणार नाही.

जुन्या काळाबद्दल बोलताना डोंगरावरून खाली सपाटीवरही यायला हवं. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत आदिवासी माणसाची ओळख एका शब्दात संपायची: सालदार. अमक्या पाटलाचा सालदार. आखाजीला साल ठरायचं, पुढच्या आखाजीला हिशेब व्हायचा, आणि हिशेबात बहुतेक वेळा उचलच शिल्लक निघायची. त्याला कोणी विचारत नव्हतं की तुला आयुष्यात काय करायचंय. त्या दिवसांची आठवण मी गोड करून सांगणार नाही.

आणि तरीही याच मातीत तो प्रश्न विचारला गेला. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज नावाचा एक भिल्ल माणूस उभा राहिला. अंघोळ करा, स्वच्छ राहा, दारू सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढंच त्यांचं सांगणं. सोमवारच्या आरतीला डोंगरातून, सपाटीवरून हजारो माणसं यायला लागली. ज्याला गावात ‘ए’ म्हणून हाक मारत, तो तिथे ‘आप’ होत होता. १९३८ मध्ये महाराज गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं, आणि मोरवडला लोक आजही जातात.

मग ९ सप्टेंबर १९४२. नंदुरबार शहरात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालला आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हेही गेले. घरी गुजराती बोलणारी आणि मराठी बोलणारी मुलं एकाच मिरवणुकीत होती. आज हे जिथे घडलं त्या चौकात भाजी घ्यायला थांबणारी दहावीतली मुलगी शिरीषकुमारच्याच वयाची असते.

तिसरी गोष्ट माझ्या उमेदीच्या काळातली, म्हणून माझं मन तिथे जास्त रेंगाळतं. अंबरसिंग महाराज शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचे. जमिनी गेलेल्या आदिवासींना ते भजनातून गोळा करायचे आणि भजन संपलं की सातबाऱ्याचं बोलायचे. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, पाठोपाठ श्रमिक संघटना उभी राहिली. बायकांची शिबिरं झाली आणि शिबिरातून उठलेल्या बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. शहरातून शिकलेली तरुण मुलंही आली. आयआयटी मुंबईत इंजिनीअर झालेले कुमार शिराळकर त्यांतलेच. नोकरीची सरळ वाट सोडून ते इथे आले आणि आयुष्यभर कष्टकऱ्यांबरोबर राहिले. संघटनेतूनच कवी वाहरू सोनवणे घडले आणि ‘गोधड’ या कवितासंग्रहात त्यांनी आदिवासीची गोष्ट आदिवासीच्याच तोंडून सांगितली. अंबरसिंग महाराज १९७४ मध्येच गेले, पण सालदाराचा मुलगा पुढे ‘मी अमक्याचा’ असं सांगेनासा झाला. तो गावाचं नाव सांगायचा आणि संघटनेचं.

यांतला कुणी घरात एकटा बसून ‘माझ्या जगण्याचा अर्थ काय’ असं स्वतःला विचारत नव्हता. चार माणसांत उभं राहिल्यावर त्यांना तो सापडला. माझी ठाम समजूत आहे की या जिल्ह्यात ओळख मिळाली ती नेहमी अशीच, गोतावळ्यात.

म्हणूनच शहाद्याच्या, नंदुरबारच्या अभ्यासिका पाहून जीव तुटतो. प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये एक टेबल, एक दिवा, पाण्याची बाटली, समोर चिकटवलेलं वेळापत्रक. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी मुलं, दिवसभर त्या खोपटात. पोलीस, वनरक्षक, तलाठी, जमलं तर एमपीएससी. डॉ. राजेंद्र भारूड यांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ अनेकांच्या टेबलावर दिसतं. भिल्ल आईचा मुलगा आमच्याच जिल्ह्याचा कलेक्टर झाला, हे स्वप्न खरंच मोठं आहे आणि मुलांनी ते पाहावंच. पण जागा मूठभर, अर्ज ढीगभर. साहेब झाला तर कोणीतरी, नाही झाला तर कोणीच नाही, असा हिशेब या पोरांच्या मनात कुणी घातला? सालदाराला निदान शेजारी दुसरा सालदार दिसत होता. इथे पार्टिशनपलीकडचा मुलगाही स्पर्धकच.

होळीला मात्र हीच मुलं वेगळी दिसतात. दिवाळीला आली नाहीत तरी होळीला येतात, अभ्यासिकेतून, पुण्याच्या कंपनीतून, सुरतेच्या कारखान्यातून. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत नवस बोललेला तरुण पाळणी पाळतो, ब्रह्मचर्य राखतो, मग बावा होतो: डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं. रात्रभर नाच आणि पहाटे होळी पेटते. आता वर ड्रोन घिरट्या घालतो, मोबाइल उंचावलेले असतात. मला त्याचं वावडं नाही. त्या रात्री त्या मुलाला कुठल्याही परीक्षेचा निकाल आठवत नाही, एवढं मला पुरे आहे.

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत राहते. नर्मदेकाठचं गाव सरदार सरोवरात बुडालं तेव्हा तिचे आजोबा इथे आले. जात वैधता प्रमाणपत्रासाठी तिला १९५० आधीचा पुरावा हवा होता. आजोबांचा बाप शाळेत गेलाच नव्हता, मग दाखला कुठून आणायचा? निदान वंशावळ तरी लिहून काढावी म्हणून ती आजोबांपुढे वही घेऊन बसली. म्हातारा नावं सांगत गेला. बाप, बापाचा बाप, त्याचे भाऊ, कोण कुठल्या डोंगरावरून कशामुळे उठलं, कुठल्या आंब्याखाली कुणाला पुरलं. आंबा आता पाण्यात आहे. फॉर्मवरच्या चौकटी भरल्या आणि नावं उरली, तेव्हा तिने दुसरी वही घेतली.

“सर, आता शेजारचे म्हातारेही बोलावतात,” ती म्हणाली. “म्हणतात, आमचंही लिहून घे गं.”

वसाहतीतल्या बऱ्याच घरांची नावं तिने लिहून काढली आहेत. तिच्या वर्गातल्या दोघी आता तिच्याबरोबर जातात. एक लिहिते, एक मोबाइलवर आवाज उतरवून घेते, तिसरी म्हाताऱ्यांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारते. वनरक्षकाच्या परीक्षेचा अभ्यासही चालू आहे, पण रविवार वसाहतीसाठी राखलेला. पुढच्या रविवारी त्या तिघी याच कामासाठी सोमावलला जाणार आहेत, आणि मला बरोबर चला म्हणाल्या आहेत.