हालतें बोट

गतवर्षीं शिक्षक व विद्यार्थी यांच्या क्रिकेटच्या सामन्यांत एक उंच झेल घेण्याचा मोह आम्हांस झाला आणि चेंडू उजव्या अनामिकेच्या टोकावर आदळला. बोट मुरगळलें असेल अशा समजुतीनें आम्हीं तें ओढून पाहिलें, आणि तीन दिवस त्याच हातानें फळ्यावर लिहिलें. चौथ्या दिवशीं क्ष-किरणांच्या चित्रांत आमचें शहाणपण उघडें पडलें. मधल्या पेराच्या बुडाशीं, ऐन सांध्यांत, हाडाचे चार तुकडे झाले होते.

"आतां बोट लांकडासारखें बांधून ठेवाल ना?" आम्हीं विचारलें.

"तसें केलें, तर तें लांकडासारखेंच होईल, गुरुजी!" डॉक्टर उत्तरले.

सांध्यांतील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील द्रवावर होतें, व तो द्रव हालचालीनेंच खेळता राहतो. मात्र नुसतें हालविलें तर तुकडे सरकतात. या पेंचावर रॉबर्ट शेंक यांनीं १९८६ सालीं उपाय प्रसिद्ध केला : बोट सतत ताणलेलें ठेवून सांधा हालवावा. ताणामुळें सांध्याचे बंध तुकड्यांना जागेवर ओढून धरतात. १९९४ सालीं जपानी शल्यविशारद सुझुकी व त्यांचे सहकारी यांनीं हेंच कार्य बारीक तारा व रबरी पट्ट्या यांवर साधलें. आमच्या बोटांतही दोन आडव्या तारा आल्या, आणि दोहों बाजूंस रबरें.

"सर, बोटाला गलोल बांधली काय?" पहिल्याच दिवशीं एका चिमुकल्यानें विचारलें. वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु तासातासाला तेंच बोट वांकवितांना डोळ्यांत पाणी उभें राही. पेटीवर पुन्हां हात फिरेल कीं नाहीं, ही चिंता रात्रीं झोंपूं देत नसे.

सहा आठवड्यांनीं तारा निघाल्या. बोट आजही पुरतें सरळ होत नाहीं. तथापि खडू धरतें, आणि पेटीवरील सूर गांठतें.

विद्यार्थिमित्रहो, चेंडू लागून बोट सुजलें, तर तें ओढूं नका. बोट हालतें, म्हणून हाड शाबूत आहे असें पालकांनींही मानूं नये. लागलीच क्ष-किरण चित्र काढवावें. आमचे तीन दिवसांचें हालविणें अविचाराचें होतें, आणि बांधून ठेवण्याचा हट्ट भीतीचा. बोट वांचलें तें या दोहोंमधल्या वाटेनें.