मामाच्या ट्रेलरचा काटा

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'काटा' म्हणजे मला फक्त गुलाबाचा, नाहीतर घड्याळाचा माहीत. सांगलीकडची माझी रूममेट मात्र उसाच्या ट्रॉल्या काट्यावर चढताना बघतच मोठी झाली. तो काटा मला भेटला थेट अमेरिकेत, ओहायोमध्ये!

गेल्या उन्हाळ्यात मामाकडे गेले होते. मामाने जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, म्हणजे पिकअपच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर. पहिल्याच दिवशी हायवेवर शेजारून मोठा ट्रक गेला आणि आमचा ट्रेलर शेपूट हलवावं तसा डावी-उजवीकडे झुलायला लागला. मामाने जोरात ब्रेक न मारता हळूहळू वेग कमी केला आणि कसंबसं सावरलं. मागे मामी आणि सहा वर्षांची चिनू. मामी एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आम्ही दोघी नाही येणार."

वजन करायचं ठरलं, पण कुठे? खडीच्या खाणीतला काटा शनिवारी बंद. धान्याच्या गोदामावर "सीझनला या" असं उत्तर. शेवटी ट्रकवाले डिझेल भरतात तिथे 'कॅट स्केल' सापडला. पिकअपची पुढची चाकं एका प्लॅटफॉर्मवर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. बोलायचं बटण ट्रक ड्रायव्हरच्या उंचीला! मी उतरून, टाचा उंचावून दाबलं.

पिकअप 6,180 पौंड, ट्रेलरची चाकं 5,080. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसती पिकअप पुन्हा चढवली (दुसऱ्यांदा पैसे कमी पडतात). 5,820. म्हणजे ट्रेलरचा हुकवरचा भार फक्त 360 पौंड! 5,440 पौंडांच्या ट्रेलरला जेमतेम साडेसहा टक्के. हवेत दहा ते पंधरा.

"अगं, सगळं सामान मागेच भरलंय मी," मामा कपाळावर हात मारून म्हणाला. मागे टांगलेल्या सायकली, खोकी, आणि ट्रेलरच्या चाकांमागे पाण्याची भरलेली टाकी. 40 गॅलन, म्हणजे दीडशे किलो! मोमेंट्सची असली गणितं मी फर्स्ट इयरला डझनाने सोडवलीत, पण तिथल्या 'डब्ल्यू'शेजारी कधी कुणाची मामी बसलेली नव्हती.

टाकी रिकामी केली, सायकली आणि खोकी पुढे बांधली, परत काटा. हुकवर 620, ट्रेलर 5,100. बारा टक्के!

संध्याकाळी परतताना एक मोठा ट्रक शेजारून सुसाट गेला. ट्रेलर जरासा थरथरला, बस्स. मामाने आरशातून मामीकडे पाहिलं. तिने हँडल घट्ट धरलं होतं. पुढच्या एक्झिटपर्यंत ती झोपलीसुद्धा.