घारापुरीचे बेट

चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात, हे आपण भूगोलात शिकलो. पण आपल्या विंझरला जिकडे बघावं तिकडे डोंगर. म्हणून बेट कसं असतं ते मला कळत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मामांनी मला घारापुरीला नेले. तेथील माहिती मी लिहीत आहे.

घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून ते सुमारे १० किलोमीटर दूर आहे. लाँचने एक तास लागतो. बेटावर दोन टेकड्या आहेत. काठाला चिखलात खारफुटीची झाडे आहेत. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि बेट मोठे दिसते. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर अशा तिथे तीन वाड्या आहेत.

धक्क्यावर उतरल्यावर छोटी आगगाडी मिळते. पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. माकडे लई धीट. हातातली बाटलीसुद्धा पळवतात!

वर खडकात कोरलेली लेणी आहेत. ती सुमारे १५०० वर्षांपूर्वीची आहेत. खांब, छत, मूर्ती सगळं एकाच डोंगरातून कोरलेलं आहे. आत शंकराची तीन मुखांची मूर्ती आहे. ती सुमारे ६ मीटर उंच आहे. एक मुख रागीट, एक सौम्य आणि मधले अगदी शांत. पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. ते पाहून वाईट वाटते.

पूर्वी बेटावर दगडाचा मोठा हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीज लोकांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. इंग्रजांच्या काळात १८६४ साली हत्ती उचलताना तो पडून फुटला. नंतर तुकडे जोडले. आता तो मुंबईत भायखळ्याला आहे.

१९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा म्हटले. जगातून माणसं येऊ लागली. पण तिथल्या वाड्यांत कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून तार टाकून. त्याआधी रात्री तीन-साडेतीन तासच जनरेटरचा उजेड असायचा. मुंबईचे दिवे समोर लखलखताना दिसायचे आणि मुलं कंदिलावर अभ्यास करायची. संध्याकाळी शेवटच्या लाँचने पाहुणे जातात. बेटावर राहतात ती तिथलीच माणसं.

हे ऐकून मला आपला राजगड आठवला. जुलै २०२५ मध्ये राजगडाचे नावही जागतिक वारशात आले. बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाण्यातले किल्लेही आहेत. आता आपल्याकडे गाड्या वाढतील. रविवारी लोक येतात, गड बघतात आणि संध्याकाळी पुण्याला जातात. मागे प्लॅस्टिक राहते, ते गुरं खातात.

घारापुरीची ग्रामपंचायत पाहुण्यांकडून थोडा कर घेते. मला वाटते, आपल्याकडेही पाहुण्यांचा फायदा गावाच्या शाळेला, पाण्याला व दवाखान्याला झाला पाहिजे. पाहुण्यांना आपण वाट दाखवू, तांब्याभर पाणी देऊ. पण रिकामी बाटली खाली आणा, दगडावर नाव कोरू नका, हेही सांगू. बघायला येणारे एक दिवस येतात. सांभाळायचं काम आपलं रोजचं आहे.

– इयत्ता चौथी