आठ मिनिटं

गेल्या वर्षी जवळपास दोन महिने मी रोज रात्री जेवणं झाल्यावर आजारी पडायचे. कधी मी बासष्ट वर्षांची रिटायर्ड बाई, छातीत दुखतंय पण नवऱ्याला कळता कामा नये. कधी एकोणीस वर्षांची मुलगी, गोळ्या हव्यात, पण कशासाठी ते पटकन सांगणार नाही. समोरच्या कॉटवर दादा, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. आठ मिनिटं झाली की बीप वाजायचं आणि मी ठणठणीत बरी.

दादा एमबीबीएस आहे. त्याला इंग्लंडमध्ये काम करायचं होतं. बाहेरच्या देशात शिकलेल्या बहुतेक डॉक्टरांना तिथे प्लॅब नावाची परीक्षा द्यावी लागते. ती घेते जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे तिथल्या डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था. आधी इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसमध्ये एकूण साडेसात हवेत, आणि चारपैकी एकाही भागात सातच्या खाली जाऊन चालत नाही. मग प्लॅब वन, 3 तासांत 180 प्रश्न, ही मुंबईत देता येते. मधल्या काळात डिग्रीची पडताळणी, आणि गंमत म्हणजे इंग्लंडला जायचं असलं तरी ती होते अमेरिकेतल्या एका संस्थेमार्फत. सातारच्या मुलाची नाशिकच्या विद्यापीठाची डिग्री खरी आहे का, हे अमेरिकेने विचारायचं आणि इंग्लंडला कळवायचं. शिवाय महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला. या सगळ्यात दादाने घालवलेला वेळ मी मोजलेला नाही, पण आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला त्याची जन्मतारीख पाठ झाली होती.

यातलं काहीच त्याला जड गेलं नाही. जड गेली प्लॅब टू.

ती फक्त मँचेस्टरला होते. 16 खोल्या, त्यांना स्टेशन म्हणतात. बाहेर उभं राहून दीड मिनिटात सूचना वाचायची, मग आत जायचं. आत पेशंट म्हणून ॲक्टर बसलेला असतो, कोपऱ्यात न बोलणारा परीक्षक. वेळ आठ मिनिटं. आजार ओळखण्याचे आणि उपचारांचे मार्क असतात, तसेच बोलण्याचेही वेगळे असतात. प्लॅबमधल्या ‘एल’चा अर्थच मुळी लिंग्विस्टिक.

दादाने बाँडचं एक वर्ष ग्रामीण रुग्णालयात काढलं होतं. सकाळच्या ओपीडीत शंभरावर पेशंट. कधीपासून? ताप? शुगर आहे का? हे घ्या, पाच दिवस. पुढचा. मीही दुसऱ्या मिनिटाला बरी होण्याच्या बेतात असायचे, कारण त्याचं निदान झालेलं असायचं. मग उरलेली सहा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो.

या परीक्षेत पेशंटला विचारावं लागतं की तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे होत असेल? सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? आमच्याकडून काय अपेक्षा आहे? दादाने हे पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा मी हसले. आपल्याकडे हे विचारलं तर पेशंट म्हणेल, ते मला कळलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?

आधी स्वतःचं नाव सांगायचं हाही त्यातलाच भाग. त्यामागे केट ग्रेंजर नावाच्या एका इंग्लिश डॉक्टरची गोष्ट आहे. तिला कॅन्सर झाला होता. 2013 मध्ये ॲडमिट असताना तिच्या लक्षात आलं की आपल्यावर उपचार करणारे कितीतरी जण आपलं नावही सांगत नाहीत. तिने ‘हॅलो, माय नेम इज’ अशी मोहीम सुरू केली आणि ती सगळीकडे पसरली. 2016 मध्ये ती गेली. दादाने हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, बाँडच्या वर्षात तू कुणाला नाव सांगितलंस? तो म्हणाला, बाहेर पाटी होती की.

परीक्षेला पाच आठवडे असताना बाबांचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला.

आम्ही तिघंही गेलो होतो. डॉक्टरांनी दादाला एकट्याला आत बोलावलं. बाबा एसटीतून रिटायर झालेले, स्टँडवर बसल्यासारखे पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. दादा बाहेर आला आणि म्हणाला, एक गाठ आहे, काढून टाकू. मला त्याने पार्किंगमध्ये खरं सांगितलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. डॉक्टर त्याला म्हणाले होते, तू आपल्यातलाच आहेस, वडिलांना किती सांगायचं ते तूच ठरव. त्यांनी ते आपुलकीनेच म्हटलं होतं.

संध्याकाळी काका आले. आईला सगळं कळलं होतं, काकांना, आत्यालाही फोनवर. काका म्हणाले, त्याला सांगू नका, तो खचेल. निम्मं माणूस धसक्यानंच जातं. आईने मान हलवली. बाबा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होते, आणि आवाज रोजच्यापेक्षा कमी होता.

त्या रात्री दादा म्हणाला, प्रॅक्टिस चुकवायला नको. लाहोरची एक डॉक्टर आणि लागोसचा एक, असा त्यांचा व्हिडिओ कॉलवरचा ग्रुप होता. त्यांनी ठरवलेल्या यादीत त्या दिवशी होतं: पेशंटची मुलगी येऊन सांगते, आईला कॅन्सर असल्याचं कळू देऊ नका. दादाने ते पान उलटलं नाही. मी ती मुलगी झाले. माझं इंग्रजी बँकेच्या परीक्षेपुरतं, पण काकांची वाक्यं जशीच्या तशी होती, शोधावी लागली नाहीत. ती खचेल. मी तिला ओळखते, तुम्ही नाही. दादाने ऐकून घेतलं, माझी काळजी समजते म्हणाला, आईने स्वतः याबद्दल कधी काही विचारलंय का ते विचारलं. मग शांतपणे म्हणाला, त्यांना जाणून घ्यायचं असेल तर ते मला त्यांच्यापासून लपवता येणार नाही. कौन्सिलचा नियमच तसा आहे. नातेवाईक म्हणतात म्हणून पेशंटला त्याच्या निर्णयासाठी लागणारी माहिती नाकारता येत नाही.

बीप वाजायच्या आत सगळं झालं. इतकं चांगलं त्याला आधी कधी जमलं नव्हतं.

मी मराठीत विचारलं, “मग बाबांना कधी सांगतोयस?”

त्याने लाईट घालवला.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर बाबांजवळ जाऊन बसला. मी आतल्या बाजूला तांदूळ निवडत होते. तेवढ्या वेळात मी एक वाटी तांदूळ तीनदा निवडले.

“बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती कळलंय?”

“डॉक्टरांनी तुला एकट्याला आत घेतलं तेव्हाच कळलं,” बाबा म्हणाले. “चांगली बातमी असती तर बाहेरच सांगितली असती. कॅन्सरच ना?”

“हो.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दादाने विचारलं, कशाची काळजी वाटतेय? मला वाटलं, आता हा पाठ केलेलं बोलतोय. पण त्याचा आवाज नीट येत नव्हता.

“तुझ्या परीक्षेची. भरलेले पैसे परत मिळतात का?”

फी हजार पौंडांच्या आसपास होती, वर व्हिसा आणि तिकीट. बाबांनी तो हिशोब वहीत लिहून ठेवला होता.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही मला. मी चहा द्यायला गेले तेव्हा कपाकडे बघत बाबा म्हणाले, “पोटाला पिशवी लावतात का गं?” त्यांच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरला लावली होती. तो लग्नाकार्याला यायचा बंद झाला होता. मी दादाला सांगितलं. दादाने कागदावर आतडं काढून बाबांना दाखवलं, गाठ उजव्या बाजूला आहे, इथे सहसा पिशवी लागत नाही. बाबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. त्या रात्री टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला.

ऑपरेशन झालं, पिशवी लागली नाही. परीक्षा पुढे ढकलतो असं दादा दोनदा म्हणाला. बाबांनी दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं. मँचेस्टरला काय विचारलं हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, तसं सांगायची परवानगीही नसते. तो पास झाला. रजिस्ट्रेशनही मिळालं.

नोकरी अजून मिळालेली नाही. एकेका जागेला शेकडो अर्ज येतात, आणि तिथे डॉक्टर कमी पडतात अशा बातम्या वाचूनच निम्मे जण निघालेले असतात. तूर्त दादा इथेच एका खासगी दवाखान्यात नाईट ड्युटी करतो आणि दिवसा अर्ज भरतो. लाहोरवालीला वेल्समध्ये जागा मिळाली. लागोसवाला अजून वाट बघतोय.

मागच्या महिन्यात बाबांचा फॉलोअप होता. डॉक्टरांनी फाईल उघडली आणि सवयीने दादाकडे बघून बोलायला सुरुवात केली. दादाने आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. डॉक्टर क्षणभर थांबले, मग बाबांकडे वळले. बाबांनी खिशातून प्रश्नांची चिठ्ठी काढली. सात प्रश्न होते. बाहेर नंबर लावून बसलेले लोक कुरकुरायला लागले होते.