पायाखालची फरशी

माणूस फरशी निवडतो डोळ्यांनी आणि भोगतो पायांनी. दुकानदार गुळगुळीत टाइल पुढे करून म्हणतो, "साहेब, तोंड दिसेल!" अहो, तोंड पाहायला घरात आरसा आहे, फरशीवर पाय ठरला पाहिजे. शहाबादी स्वस्त आणि दणकट, पण जात चुनखडीची. लिंबू सांडलं की चेहरा उतरतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, मात्र ओली झाली की घरमालकालाच लोळवते. आमच्या आईनं दुकानातच चप्पल काढली, टाइलवर भांडंभर पाणी ओतलं, पाऊल टेकवून पाहिलं आणि म्हणाली, "टिकाऊ आहे खरी! मी पडले तर मोडेल ते माझं हाड, ही नाही."

न्हाणीघराला बिनपॉलिशची शहाबादी आली. चौरस फुटाचा भाव सगळेच विचारतात. खुब्याच्या हाडाचा हिशेब आईनंच मांडला.